सायकली, ट्रेलर आणि उलाळ

दिवाळी ओसरली की गोंदियाच्या राईस मिलांपुढे धानाच्या ट्रॉल्यांची रांग लागू लागते. दोन चाकांची ट्रॉली भरताना अनुभवी हमाल कट्ट्यांचा सारा थर मागच्या फळीपाशी कधी रचीत नाही. तो आधी आसाच्या वरची जागा भरतो आणि मग थोडा पुढे सरकतो. कारण विचारले, तर त्याच्यापाशी त्यासाठी बैलगाडीच्या काळापासून चालत आलेला एक शब्द आहे: उलाळ. मागचा भार वाढला की पुढची दांडी वर उचलली जाते, बैलाच्या मानेवरचे जू हलके होते आणि गाडी हाकणाऱ्याच्या हाती राहत नाही. उलट सारा भार पुढे आला, तर बैलाची मान मोडते. या दोहोंमधला मेळ साधणे हीच गाडी भरण्याची विद्या.

ही विद्या आता एका निराळ्याच ठिकाणी उपयोगी पडावयाची वेळ आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोटारीमागे ओढावयाचे फिरते घर आपल्याकडे अजून दुर्मिळ असले, तरी अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात स्थिरावलेली मुले सुटीत आईवडिलांना बोलावतात आणि असा ट्रेलर भाड्याने घेऊन सहलीस नेतात. जैन कुटुंबांना ही सोय विशेष मानवते. स्वयंपाकघर आपल्याबरोबर असते, कांदा-लसणाची चौकशी करीत हॉटेले धुंडाळावी लागत नाहीत आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपता येते. नातवंडांची अट मात्र एकच असते, सायकली बरोबर हव्यात! मग त्या सायकली लावावयाच्या कोठे, हा प्रश्न उभा राहतो. आणि बहुतेकांचा हात सहजच ट्रेलरच्या पाठीमागे जातो. तेथे जागा मोकळी असते, चढवणे-उतरवणे सोपे असते. नेमकी तीच जागा सर्वांत वाईट.

व्यापारी घरांत हिशेबाने पटते, म्हणून हिशेबच मांडावा. समजा, ट्रेलरचे वजन १००० किलो आहे आणि त्यातील ७० किलो, म्हणजे ७ टक्के, मोटारीच्या हुकावर टेकले आहे. आस हुकापासून ४ मीटर मागे आहे. दोन सायकली आणि त्यांचा सांगाडा मिळून ४० किलो, आणि ते आसाच्या ३ मीटर मागे टांगले. आता ४० ला ३ ने गुणून ४ ने भागले की ३० येतात. हुकावरचे ३० किलो नाहीसे झाले, उरले ४०. बांधले अवघ्या ४० किलोंना, पण तोल गेला जवळजवळ निम्मा. हाच ट्रेलरचा उलाळ. तेच ४० किलो पुढच्या दांड्यावर, आसाच्या ३ मीटर पुढे ठेवले, तर हुकावर ३० किलोंची भर पडून आकडा १०० वर जातो. मोटार बनवणाऱ्याने हुकाची मर्यादा ७५ ठरवली असेल, तर हेही चालणार नाही. आसाच्या थेट वर, ट्रेलरच्या आत, जमिनीलगत आडव्या बांधल्या, तर हुकावरच्या भारात काहीच फरक पडत नाही.

हुकावरचा भार घटल्याचा परिणाम उभ्या गाडीत दिसत नाही. विदेशात यासाठी एक सोपा प्रयोग करून दाखवतात. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातील मोटार व ट्रेलर धावत ठेवतात. वजन पुढे असताना बोटाने ढकलले, तरी ट्रेलर एकदोनदा डुलून सरळ होतो. तेच वजन मागे सरकवले की एका धक्क्याने सुरू झालेले हेलकावे वाढतच जातात आणि अखेरीस ट्रेलर मोटारीलाच आडवी करतो. शेपटाकडचे वजन लंबकासारखे वागते. मुंबई-कोलकाता महामार्गावर कोहमाऱ्याजवळ भरधाव ट्रक शेजारून जाताना जो वाऱ्याचा झोत बसतो, तो या बोटाच्या धक्क्याहून काही कमी नसतो. हेलकावे सुरू झालेच, तर जोराने ब्रेक दाबू नये, चाक उलटसुलट फिरवू नये आणि वेग वाढवून ते थांबतील या भ्रमात तर मुळीच राहू नये. चाक सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा.

गतिरोधकांची गोष्ट वेगळीच. आसाच्या मागे जितके लांब, तितकी उसळी मोठी. आणि ट्रेलरच्या मागची शिडी वा बंपर असे हेलपाटे सोसण्यासाठी केलेला नसतो. सायकलींचे सांगाडे बनवणारे अनेक जण ते ट्रेलरच्या मागे लावू नयेत, असे आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात. ते वाचतो कोण, हा प्रश्न निराळा.

साध्या मोटारीनेच गोंदियाहून नवेगावबांधला निघणाऱ्या कुटुंबाला उलाळाची एवढी चिंता नाही. टपावर सायकली नेता येतात. मात्र टपाची भारमर्यादा माहितीपुस्तिकेत पाहावी आणि उंचीचे भान ठेवावे. पावणेदोन मीटरची मोटार आणि वर उभी सायकल मिळून पावणेतीन मीटरच्या पुढे जातात. घराच्या पोर्चमध्ये परत शिरताना हे विसरलेले असते. पट्टे पहिल्या काही किलोमीटरांत बसतात आणि सैल होतात, म्हणून गोरेगाव आले की एकदा थांबून ते ओढून पाहावेत. मागच्या दाराला सायकली टांगल्या, तर नंबरप्लेट व लाल दिवे झाकले जाता कामा नयेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या भारास २०,००० रुपये दंड आहे, आणि तो भार उतरवण्याचा खर्चही वाहनधारकाकडेच येतो.

कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हेही स्वतंत्र मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी हवी. विम्याचे कागद कपाटात जपून ठेवणारी आणि कधीही न वाचणारी घरे कमी नाहीत. मोटारीच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप आला असे गृहीत धरू नये. लेखी विचारून घ्यावे. व्यक्तिगत सामान म्हणून स्वतःच्या सायकली नेणे वेगळे आणि मित्रमंडळींच्या सायकली पैसे घेऊन पोहोचवणे वेगळे.

मुक्कामी पोहोचल्यावर मुले आधी सायकलींकडे धावतात. कुणी न ऐकता त्या मागेच बांधल्या असतील, तर उतरवण्याचा क्रम तरी पाळावा. आधी ट्रेलरच्या चाकांना दगड लावावेत, मग सायकली काढाव्यात आणि अखेरीस हुक सोडावा. हुक आधी सोडला, तर मागच्या भाराने दांडी उसळू शकते, आणि ती सोडणारा नेमका तिच्यावरच वाकलेला असतो.