कोलोनोस्कोपीतील वेदना आणि तालुक्याची चिठ्ठी

शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या जाफराबाद तालुक्यातील रुग्णाला कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी, बहुधा जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्यामुळे त्याच्या वेदनाशमनाची जबाबदारी केवळ तेथील तज्ज्ञाची मानली जाते. प्रत्यक्षात ती रुग्णाला पुढे पाठवताना तालुक्यातील डॉक्टर लिहून देतात त्या चिठ्ठीपासूनच सुरू होते.

या तपासणीत आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढताना सहसा दुखत नाही, कारण तेथील संवेदना कापण्यापेक्षा ताणाला प्रतिसाद देतात. दुर्बीण पुढे ढकलली जात असूनही तिचे टोक जागीच राहते, तेव्हा डाव्या बाजूच्या वळणदार आतड्यात नळीचा फास तयार होऊन आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो आणि रुग्ण कळवळतो. अशा वेळी औषधाची मात्रा वाढवण्याआधी नळी थोडी मागे घेऊन सरळ करणे, मदतनिसाने तळहाताने पोट दाबून धरणे, रुग्णाची कूस बदलणे आणि हवा कमीत कमी भरणे हेच पहिले वेदनाशमन होय. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरल्यास तो आतड्यातून लवकर शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो, आणि एसटीने परतणाऱ्या रुग्णाचे पोट वाटेत फुगलेले राहत नाही.

औषधांबाबत एक गल्लत अजूनही आढळते. मिडाझोलाम गुंगी आणते व झालेले विसरायला लावते, परंतु वेदना शमवत नाही. रुग्णाला आठवत नाही म्हणजे त्याला दुखले नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. मिडाझोलामच्या जोडीला फेंटानिलसारखे वेदनाशामक दिल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, म्हणून मात्रा थोडी थोडी देणे, वृद्धांत ती कमी ठेवणे, रक्तातील ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवणे आणि नॅलोक्सोन व फ्लुमाझेनिल हे उतारे हाताशी असणे अनिवार्य ठरते. फ्लुमाझेनिलचा असर मिडाझोलामच्या आधी ओसरू शकत असल्याने, शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही लगेच बसस्थानकाकडे धाडणे योग्य नाही.

चिठ्ठीतील सर्वांत मोलाची, तरीही हमखास राहून जाणारी नोंद म्हणजे गर्भपिशवी काढल्याची. या शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटात आतडी चिकटू शकतात, वळणे अधिक तीव्र होतात आणि अशा स्त्रियांत तपासणी अवघड व अधिक वेदनादायक ठरते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे जालना जिल्ह्यातही असल्याने "पिशवी काढली आहे का?" हा प्रश्न येथील बाह्यरुग्ण कक्षात आवर्जून विचारला गेला पाहिजे. उत्तर आधी कळले, तर तज्ज्ञाला बारीक दुर्बीण, हवेऐवजी पाणी भरण्याची पद्धत किंवा भूलतज्ज्ञाची उपस्थिती यांची तजवीज करता येते.

तेव्हा तालुक्यातील प्रत्येक डॉक्टराने चिठ्ठीवर जुन्या शस्त्रक्रिया, चालू औषधे, झोपेतील घोरणे व श्वासाचे विकार स्पष्ट लिहावेत. सोबत जबाबदार नातेवाईक असावा आणि गुंगीच्या औषधानंतर 24 तास दुचाकी चालवू नये, हे रुग्णाला समजावून सांगावे. तसेच वेदनाशामक मागणे हा त्याचा हक्क आहे, हेही त्याला निघण्यापूर्वीच सांगावे.