वाडगा, आजी आणि ऑफिस टाइम

परवा एका मैत्रिणीच्या बाल्कनीत जुन्या, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या बाऊलमध्ये फुललेली झाडं पाहिली आणि मी खल्लास! जुन्या बाजारात अशा बाऊलची किंमत ऐकली आणि लगेच जमिनीवर आले. मग आठवली कळमनुरीची आजी. तिच्या फडताळात तस्साच एक वाडगा होता. कळमनुरी निजामाच्या राज्यात होती तेव्हा, म्हणजे १९४८ च्या आधी, पणजोबांनी हैदराबादहून आणलेला.

उन्हाळ्यात गेले, मागितला. आजीने पदराने पुसून हातात दिला. एवढंच म्हणाली, "जपून ने गं."

पुण्यात येऊन झोकात चिनी गुलाब लावला. पंधरा दिवसांत मुळं सडली! कारण सिम्पल आहे. कुंभाराची कुंडी सच्छिद्र असते, ती पाणी शोषते आणि बाहेर सोडते. पोर्सेलिन मात्र केओलिन या पांढऱ्या मातीचं, साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजलेलं. थेंब झिरपायचा नाही. त्यात तळाला भोक नाही. आणि चिनी गुलाब नावालाच चिनी, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ऊन कितीही द्या, चिखल नको.

मित्र म्हणाला, "डायमंड बिट लाव, पाणी सोडत हळू ड्रिल कर. होल पडतं." ड्रिल आणलं, वाडगा उपडा केला... आणि हात थांबला. आजीला फोन लावला.

"काय करलालीस? भोक?" आजी हसायलाच लागली. "अगं, जोडी होती ती. दुसरा तुझ्या बाबानं लहानपणी पाडला, तडा गेला. त्यातच तर मी फुलं लावते. धड आहे त्याला कशाला फोडतीस?"

तुळशीशेजारचा तो वाडगा मी दर सुट्टीत पाहिलाय. कधी लक्षच दिलं नाही, यार.

तर बॉस, अँटिक बाऊलला भोक पाडू नका. तळाशी खडे टाका, त्यावर भोकं असलेली प्लास्टिकची छोटी कुंडी ठेवा. पाणी घालताना ती बाहेर काढा, निथळली की परत आत.

चिनी गुलाबाला आपल्याकडे 'ऑफिस टाइम' म्हणतात. तुम्ही डेस्कवर पोचता, तेव्हा तो उमलतो. हल्ली दहाच्या सुमारास आजीचा मिस्ड कॉल येतो. म्हणजे तिकडची फुलं उमलली. मी बाल्कनीत जाऊन बघते आणि उलट मिस्ड कॉल देते.