गोळ्यांची बेरीज



आज लोणचं-पापड नाही आणि उपवासाचं पारणंही नाही. आज लिहायचं आहे औषधांच्या डब्याबद्दल, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक कबूल करायची आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, यंदा ७१ वर्षांच्या झाल्या. गुडघ्यांनी त्यांना बेजार केलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉलच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल लिहून दिल्या. दिवसाला तीन, पाच दिवसांसाठी. पाच दिवस संपले, दुखणं संपलं नाही. मग तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून कॅप्सूल येत राहिल्या. दुखणं वाढलं की अक्का एकीच्या दोन घ्यायच्या. त्यांचा सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग आहे, त्यामुळे रात्रीचा हिशेबही संध्याकाळच्या जेवणाबरोबरच उरकायचा.

त्यात मी भर घातली. माझ्या कंबरदुखीच्या गोळ्या उरल्या होत्या. "अक्का, या घेऊन बघा, मला दोन दिवसांत गुण आला," असं म्हणून मी पट्टी त्यांच्या हातात दिली. चांगल्या मनाने दिली. पण चांगलं मन म्हणजे माहिती नव्हे.

एका रात्री साडेआठच्या सुमारास जप करता करता त्यांच्या हातातून माळ गळून पडली. अंग ताठ झालं, डोळे फिरले, हातपाय झटकू लागले. आयुष्यात कधी फिट न आलेली बाई! शेजारच्या वहिनी कांदा हुंगवायला सांगत होत्या. आमच्या घरात कांदा कुठला? त्या स्वतःच्या घरून आणायला धावल्या. कुणी चप्पल आणली, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. झटके दोनेक मिनिटांत थांबले, पण मला ते संपता संपत नव्हते.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "कोणकोणती औषधं चालू आहेत?" पुतण्या म्हणाला, "बीपीची आणि गुडघ्याची." मी खाली मान घालून माझ्या गोळीचं सांगितलं. मग सूनबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि एक मनाची." मोठे भावजी गेल्यापासून अक्का एसिटालोप्राम घेत होत्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला आम्ही 'झोपेची गोळी' म्हणायचो. हाडांच्या डॉक्टरांना ती कुणी सांगितलीच नव्हती.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण हिशेबाची सवय सुटलेली नाही. बाकावर बसल्या बसल्या दोन्ही पट्ट्या उलटून वाचल्या. माझ्या गोळीचं नाव वेगळं, रंग वेगळा, पण आत लिहिलेलं होतं, ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे तेच औषध, दुसऱ्या नावाने! त्या दिवशी अक्कांनी सहा कॅप्सूल घेतल्या होत्या, त्याचे ३००. माझ्या तीन गोळ्या, त्याचे ११२.५. एकूण ४१२.५. धडधाकट प्रौढ माणसालाही साध्या ट्रामाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ३००, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही कमी. शिवाय अक्कांनी यातला अर्ध्याहून अधिक भाग सूर्यास्तापूर्वीच्या एका तासात घेतला होता.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ट्रामाडॉल हे अफूच्या कुळातल्या औषधांसारखं काम करणारं, पण कारखान्यात तयार होणारं औषध आहे. ते वेदना दाबतं, आणि त्याबरोबर मेंदूतली सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन ही रसायनंही वाढवतं. मात्रा वाढली की मेंदूच्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि फिट येते, बहुधा गोळी घेतल्यापासून काही तासांतच. कधी कधी सांगितलेल्या मात्रेतही येऊ शकते. उदासीवरच्या अनेक गोळ्या त्याच सेरोटोनिनवर काम करतात, म्हणून दोन्ही एकत्र आल्या की धोका वाढतो. पूर्वी फिट येऊन गेलेली, डोक्याला मार लागलेला किंवा दारूची सवय असेल, तर आणखी वाढतो. रुपयांची बेरीज दोन आणि दोन चार होते. गोळ्यांची तशी होईलच असं नाही.

आता माझं मत. अक्का बऱ्या झाल्यावर नातेवाइकांत दोन सूर निघाले. एक म्हणे, "या वयात कसला त्याग? रात्री गोळी घ्यायला हवी होती." दुसरा म्हणे, "असली औषधं घ्यावीतच कशाला? सहन करावं." मला दोन्ही पटत नाहीत. त्यागाने फिट आली नाही. डॉक्टरांना न विचारता आपण औषधाच्या वेळा एकमेकींवर रचल्या, म्हणून आली. "सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही," एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. आणि दुखणं सोसत कुढत बसणं हे काही तप नव्हे. कर्करोगाच्या, शस्त्रक्रियेच्या वेदनेत या कुळातली औषधं मोठा आधार असतात. दोष औषधाचा नाही, ते लपवून, वाटून आणि मनाने वाढवून घेण्याचा आहे.

कायदा नाही असंही नाही. २०१४ पासून ट्रामाडॉल 'शेड्यूल एच१' मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. २०१८ मध्ये ते अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. पण जुनी चिठ्ठी पुढे करणारे आपणच, आणि उरलेली पट्टी जावेला देणारीही मीच. घरातल्या डब्यावर निरीक्षक येत नाही.

सगळ्यांत जास्त मला टोचलं ते वेगळंच. गुडघेदुखी आम्ही चारचौघांत सांगितली आणि मनाची गोळी लपवली. लाजेपायी लपवलेली ती एक गोळीच डॉक्टरांना आधी कळायला हवी होती. साखरेची गोळी सांगताना लाज वाटत नाही, मग हिचीच का वाटावी?

काही गोष्टी लिहून ठेवा. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा-चप्पल काही कामाचं नाही. पहिल्यांदाच फिट आली असेल, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली, तर लगेच १०८ ला फोन करा. आणि हे वाचून घाबरून कुणी बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका. त्यानेही त्रास होतो. डॉक्टरच ती हळूहळू कमी करतील.

आमच्या घरी आता देवघराशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. प्रत्येकाचं नाव, गोळीतलं औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कुणी लिहून दिलं. अक्कांच्या नावापुढे मनाची गोळीही ठळक अक्षरात आहे, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. डॉक्टरांनी त्यांची औषधं बदलून वेळा सूर्योदय ते सूर्यास्त अशा बसवून दिल्या. त्यागही राहिला, गुडघेही बरे आहेत.

आपण पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, धान्य निवडल्याशिवाय शिजवत नाही. पण गोळीची पट्टी उलटून न वाचता तोंडात टाकतो. ही यत्ना अर्धवटच झाली ना?

आज दुपारी हात रिकामे झाले की आपला डबा उघडा, पट्ट्या उलटून वाचा. एकच औषध दोन नावांनी सापडलं, तर मला जरूर कळवा.