दोन मिनिटांचा वळसा

‘फाटा’ हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. गावात शिरायचं तर आधी फाट्यावर उतरायचं. मुंबईतल्या विलेपार्ल्यालाही असाच एक फाटा आहे, फक्त तिथून वाट जाते ती विमानतळाकडे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा पश्चिम द्रुतगती महामार्ग पार्ल्याच्या पूर्वेकडून जातो. उड्डाणपुलावर चढलात तर सरळ अंधेरीच्या दिशेला, खालून गेलात तर विमानतळ नाहीतर पार्ले. म्हणजे पुलाच्या तोंडाशी प्रत्येकाला एवढंच ठरवायचं असतं, वर की खाली?

गंमत म्हणजे हा निर्णय बरेच जण अगदी शेवटच्या क्षणी घेतात. उजवीकडून सुसाट येणारी मोटार एकदम चार रांगा कापत डावीकडे घुसते. कुणी पुलावर चढता चढता थांबतो आणि चक्क मागे येतो. सर्व्हिस रोडवरून महामार्गावर येणारा रिक्षावाला मागे वळूनही बघत नाही. आत बसलेली बाईच पदर सावरत बाहेर हात काढते, ‘थांबा हो, थांबा.’ तिचा हात हाच त्या रिक्षाचा इंडिकेटर!

खुणांची भाषाही आपली स्वतंत्र. समोरच्यानं दिव्याचा डिपर मारला की परदेशात पुष्कळ ठिकाणी अर्थ होतो, ‘तुम्ही आधी जा.’ आपल्याकडे त्याचा अर्थ, ‘मी येतोय, तू थांब.’ चौकातून सरळ जायचं असलं की काहीजण चारही इंडिकेटर लावतात. एकच बाजू दिसणाऱ्या बिचाऱ्या दुचाकीस्वाराला वाटतं, ही गाडी वळणार. ट्रकवाल्यानं उजवा इंडिकेटर लावला तर तो वळणार आहे, की ‘खुशाल पुढे जा’ म्हणतोय, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. ट्रकच्या पाठीवरची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही पाटी महाराष्ट्रात २०१५ साली बंद करण्यात आली, पण पाटी गेली म्हणून हॉर्न थोडाच गेला?

हे सगळं वाचून हसू येतं. पण देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा वाचला की हसू मावळतं.

चालकांना नियम ठाऊक नसतात असं नाही. मोठ्या रस्त्यावर येणाऱ्यानं आधी तिथल्या वाहनांना जाऊ द्यायचं, हे लायसन्स काढताना सगळेच शिकतात. खरी अडचण वेगळीच आहे. एक वळण चुकलं की पुढे लांबवर जाऊन परत यावं लागतं आणि तेवढा वळसा कुणालाच नको असतो. पाटी उशिरा दिसते, कुठे दिसतच नाही, हाही दोष आहेच आणि तो रस्ता बांधणाऱ्यांनी दूर करायला हवा. पण पाटी ठळक असतानाही आपण उलटे जातोच की!

मैत्रिणींनो, हे फक्त मुंबईचं दुखणं राहिलेलं नाही. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण सुरू झाला. तालुक्यातालुक्याच्या बाहेरून चौपदरी रस्ते गेले. दुभाजक आला आणि समोर दिसणारा पेट्रोल पंप, शाळा, शेताची वाट लांब पडली. मग काय, दुचाकीवर पुढे लेक, मागे आई, आईच्या मांडीवर धाकटं, आणि गाडी उलट्या दिशेनं, कडेकडेनं, ‘एवढंसं तर जायचंय’ म्हणत. समोरून येणाऱ्या ट्रकला हे ‘एवढंसं’ कुठून कळणार?

कायदा सांगतो की, उलट दिशेनं गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवणं आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण प्रत्येक फाट्यावर पोलीस कुठून उभा राहणार? त्या गाडीत हजर असतो तो मागे बसलेला माणूस. आणि मागे बसणाऱ्यांत आपण बायका पुष्कळ असतो.

आपली समजूत अशी की, गाडी चालवणाऱ्याला मधे काही सांगू नये. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे ऐकायची तर सवयच झालेली. पण स्टीअरिंग हातात नसलं तरी जीव आपलाच पणाला लागतो ना? तेव्हा, ‘अहो, उशीर झाला तर होऊ दे, पुढून वळवून घ्या,’ एवढं म्हणायला गाडी चालवता यावी लागत नाही. रिक्षावाल्या दादालाही सांगता येतं, ‘उलटं नको, चार रुपये जास्त झाले तरी चालतील.’ आणि आता तर कितीतरी मैत्रिणी स्वतःच स्कूटी चालवतात. पोरांना शाळेत सोडताना आपण कुठून वळतो, हे मागे बसलेलं पोर रोज बघत असतं. उद्या ते तसंच वळणार आहे.

भाजी दोन मिनिटं जास्त शिजली तर आपण कुरकुरत नाही. घरी सगळे धड पोचावेत म्हणून वळसाही दोन मिनिटांचा घ्यावा, एवढंच.