मनातलं किती सांगावं?

माझी भाची गाणी लिहिते, स्वतःच चाली लावते आणि गिटारवर म्हणून दाखवते. परवा नवे गाणे म्हणता म्हणता ती मधेच थांबली. म्हणाली, "मामा, पुढचं कडवं फार खासगी आहे. म्हणू की नको?"

उपदेश करण्याचे मी टाळले. तिला जोनी मिचेलची हकिगत सांगितली.

जोनी कॅनडातली, जन्म १९४३ चा. नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात अशक्त राहिला. गिटारवर नेहमीसारखी बोटे धरणे अवघड. म्हणून तिने तारा आपल्या सोयीने निराळ्या सुरांत लावल्या. अडचणीतून निघालेली ती सुरावट पुढे तिची ओळखच झाली!

१९६८ साली तिची पहिली तबकडी निघाली. तीत शब्दांची नक्षी सुरेख आहे. बाई मात्र, मला वाटते, जरा आडोशालाच उभी आहे. १९७१ सालच्या 'ब्लू'मध्ये तो आडोसा गेला. प्रेम तुटल्याचे दुःख तीत आहेच. पण आपण हेकट आहोत, स्वार्थी आहोत, हेही ती गाऊन मोकळी होते. दुसऱ्याचे दोष गाणारे पुष्कळ असतात हो. आपल्या दोषांना चाल लावणारे थोडे!

त्याच तबकडीत 'लिट्ल ग्रीन' नावाचे गाणे आहे. १९६५ साली, लग्न झालेले नाही, हाती पैसा नाही, अशा स्थितीत तिला मुलगी झाली. ती तिने दत्तक देऊन टाकली. हे गाणे त्या लेकीचे. लोक ते वर्षानुवर्षे ऐकत होते. पण ते कोणासाठी, हे बहुतेकांना १९९० नंतरच कळले. १९९७ साली मायलेकींची भेट झाली.

भाचीने विचारले, "म्हणजे तिनं सांगितलं, की लपवलं?"

"दोन्ही," मी म्हटले. "दुःख सगळं सांगितलं. बातमी तेवढी स्वतःपाशी ठेवली."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने वही ओढली आणि कडव्यातले एक नाव खोडले. पुढच्या ओळीत सगळा दोष त्या नावाच्याच माथी मारलेला होता. तिथे पेन्सिल थबकली. तिने ती ओळ बदलली आणि गाणे अखेरपर्यंत म्हटले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. ताई पदराला हात पुशीत बाहेर आली. कोण, कधी, काही तिने विचारले नाही. लेकीजवळ बसली आणि म्हणाली, "पुन्हा म्हण गं."