समावेश कोणाचा, संकलन कोणाचे?

सामुदायिक पॉडकास्ट आणि वस्तीपत्रकारिता यांविषयीच्या अलीकडच्या लेखनात ‘सर्वसमावेशक कथन’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे वावरतो, की त्याने काय गृहीत धरले आहे याकडे लक्षच जात नाही. मुंबईच्या उपनगरांतील झोपडवस्त्यांना आजवर आवाज नव्हता. मोबाइल आणि स्वस्त ध्वनिमुद्रण यांमुळे तो मिळाला, अशी ही मांडणी आहे. समावेश करणारा एक आणि समाविष्ट होणारा दुसरा. घर पहिल्याचे, पाहुणा दुसरा. ही व्यवस्था कायम ठेवून पाहुण्यापुढे ध्वनिक्षेपक धरला म्हणजे कथनाचे लोकशाहीकरण झाले, ही समजूत भाबडी तर आहेच. शिवाय ती सोयीचीही आहे.

घाटकोपरपुरते बोलायचे तर ती इतिहासाच्या कसोटीवरही टिकत नाही. चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे दीर्घकाळ राहिले. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये त्यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक हे कामगारवस्तीचे वृत्तपत्रही होते. संप, टंचाई, दडपशाही यांची वार्ता पोवाडा आणि लोकनाट्य यांतून वस्तीपर्यंत पोहोचे. तमाशाच्या बतावणीतून आलेल्या या प्रकारात संवाद प्रयोगागणिक बदलण्यास वाव असे. सांगणारा, ऐकणारा आणि संहितेत फेरफार करणारा हे तिघे एकाच चाळीतले असत. मराठी समीक्षेने या परंपरेला ‘प्रचारकी’ म्हणून साहित्याच्या ओसरीवर बसवले, ही गोष्ट वेगळी.

आवाज नव्हता म्हणणाऱ्यांनी ११ जुलै १९९७ ची आठवण ठेवावी. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात त्या सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. रहिवासी रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. रहिवाशांचे कथन त्याच्या नेमके उलट होते आणि ते पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते; ते मोठ्याने, नावानिशी आणि पुनःपुन्हा सांगितले जात होते. न्या. गुंडेवार आयोगाने पुढे गोळीबार असमर्थनीय ठरवला. तुकडीच्या प्रमुख अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये, आणि त्यानंतर तो जामिनावर सुटला. या बारा वर्षांत वस्तीला ध्वनिक्षेपकाची उणीव नव्हती. उणीव होती ती तिचे कथन पुरावा म्हणून ऐकले जाण्याची. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये विचारलेला, वंचितांना बोलता येते काय, हा प्रश्न आपल्याकडे अनेकदा तोंड असण्या-नसण्याचा प्रश्न म्हणून वाचला गेला. त्याचा रोख ऐकण्याच्या व्यवस्थेवर आहे.

गोळीबारानंतर चार दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. त्यांच्या मृत्यूपासून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण होण्यास चौदा वर्षे लागली. आठवड्याला एक भाग या गतीने चालणाऱ्या माध्यमाने ही चौदा वर्षे ध्यानात घ्यावीत.

खरा प्रश्न संकलनाचा आहे. दोन तासांच्या बोलण्यातून वीस मिनिटांचा भाग तयार होतो तेव्हा उरलेली शंभर मिनिटे कोणी गाळली? कथनमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर वस्तीतील स्त्री येथे पात्र होते. निवेदक दुसराच कोणी असतो. तिचे अडखळणे, शिवी, मालवणी वा मराठवाडी हेल हे ‘अस्सलपणा’ म्हणून ठेवले जातात. तिचे विश्लेषण, म्हणजे नगरसेवक, विकासक आणि पुनर्वसन योजना यांविषयी तिने काढलेला निष्कर्ष, तज्ज्ञाच्या तोंडी जातो. दलित आत्मकथनांच्या बाबतीत मराठी समीक्षेने हेच केले होते. अनुभवाच्या दाहकतेची स्तुती करायची आणि त्यातील विचाराशी वाद घालण्याचे टाळायचे, ही ती रीत. वाद न घालणे हा आदर नव्हे. मूळ ध्वनिमुद्रण कोणापाशी राहते, कोणते वाक्य का गाळले हे सांगणाऱ्याला कळते काय, आपले म्हणणे नंतर बदलण्याची मुभा त्याला असते काय, याची चौकशी ‘समावेशक कथना’वरील लेखनात क्वचितच आढळते.

वेगळे घडू शकते याचे दाखले मराठीतच आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) मध्ये मुलाखत घेणाऱ्या आणि देणाऱ्या एकाच चळवळीच्या होत्या; त्यामुळे प्रश्नच वेगळे पडले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या ‘पारी’ने २०१७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा गाणारणीचे नाव आणि गाव ओवीबरोबर आले. ‘लोकसाहित्य’ या निनावी कोठारातून ती बाई बाहेर आली. निवडीचा अधिकार तेथेही संपादकांचाच आहे. पण निदान तो लपवलेला नाही.

यावर असा आक्षेप येईल, की परवाना लागत नाही हेच पॉडकास्टचे मोठेपण. ते मान्यच केले पाहिजे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. तरी २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी खुली करताना बातम्या आणि चालू घडामोडी वगळल्या. आकाशवाणीच्या बातमीपत्रांपुरती सवलत तेवढी पुढे मिळाली. या धोरणाखाली रमाबाई नगरात एखादे केंद्र असते, तर लसीकरणाची तारीख आणि पावसाचा अंदाज त्याला सांगता आला असता. आपल्या दारात त्या सकाळी काय घडले, ते सांगण्याची परवानगी नसती.