चावी देण्याआधी दोन तास

केरळमध्ये वडकराजवळ करिंबनपालम येथे महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये 23 डिसेंबर 2024 रोजी दोघांचे मृतदेह सापडले. एसी चालावा म्हणून जनरेटर सुरू ठेवून दोघे आत झोपले होते. पुढे पोलिसांबरोबर कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत तोच जनरेटर पुन्हा चालवून पाहिला. दोन तासांत आतल्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड 957 पीपीएमवर गेला. गाडीच्या फ्लोअरला एक भोक होते आणि जनरेटरचा धूर त्यातून वर येत होता.

गाड्या बांधण्याच्या आपल्या धंद्यातल्या माणसाने ही बातमी वाचून पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की ते भोक पाडले कोणी? आणि दुसरा, की दोन तासांची ही चाचणी गाडी ग्राहकाला देण्याआधी का झाली नाही?

निपाणी-बेळगाव पट्ट्यात कॅरॅव्हॅन आहेतच किती, असे कोणी म्हणेल. मोजक्याच आहेत, पण काम येऊ लागले आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, कर्नाटकातही पर्यटनखात्याचा कल तिकडे आहे आणि संकेश्वरहून आंबोलीमार्गे किंवा बेळगावहून चोर्ल्यामार्गे कोकण-गोव्याला जाणारी हौशी मंडळी आता जुनी ट्रॅव्हलर घेऊन 'आत बेड, किचन, एसी करून द्या' म्हणत शेडवर येतात. कोल्हापूरकडच्या शूटिंगच्या व्हॅनिटी गाड्या याच जातीच्या. शिवाय कॅरॅव्हॅन न म्हणता लोक जिच्यात झोपतात अशा गाड्या आपल्या भागात कितीतरी आहेत. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यात्रेला निघालेले टेम्पो-ट्रक घ्या. जोगुळभावीत स्नान, डोंगरावर मुक्काम, थंडी म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधलेली आणि आत शेगडी. आषाढीच्या दिंड्यांमागून जाणाऱ्या ट्रकवर तर जनरेटर असतोच.

थंडीत कोळसा पेटवून दार लावून झोपण्याची किंमत बेळगावने नोव्हेंबर 2025 मध्येच मोजली आहे. अमननगरातल्या एका खोलीत तीन तरुण एका रात्रीत गेले. ती खोली होती. कॅरॅव्हॅनचा आतला भाग त्याहून लहान आणि जास्त घट्ट असतो. काचा रबरात बसवलेल्या, छताला फोम, दाराला बीडिंग. ग्राहकाला एसीची गार हवा बाहेर जायला नको असते, म्हणून आपण गाडी हवाबंद करतो आणि त्याच गाडीच्या पोटाखाली इंजिन बसवतो.

आता भोकाबद्दल. सीमाभागात एकच गाडी दोन राज्यांतून फिरत तयार होते. बॉडी कोल्हापूरला, एसी बेळगावला, जनरेटर हुबळीच्या माणसाकडून. प्रत्येक जण आपल्या कामापुरते भोक पाडतो. बोटाएवढी केबल न्यायची असली तरी हाताशी मोठा होल-सॉ असतो, म्हणून भोक दुप्पट-तिप्पट मोठे पडते. ग्रोमेट मापाचा मिळत नाही. मग चिंध्या कोंबून वरून सिलिकॉन फिरवले जाते, त्यावर प्लाय, प्लायवर व्हिनाइल. वरून पाहणाऱ्याला फरशी चकचकीत दिसते. कोगनोळी टोलनाक्यापर्यंतच्या हादऱ्यांनी सिलिकॉन एका कडेने सुटले तरी कुणाला कळत नाही. भोके तिघांची, आणि पूर्ण फ्लोअर खालून बॅटरी लावून पाहणारा एकही नाही. आमच्या मते खरी गफलत इथे आहे. जनरेटर चांगल्या कंपनीचा होता की नाही, ही चर्चा नंतरची.

सायलेन्सरचे तोंड कुठे काढले, हेही तितकेच महत्त्वाचे. चालत्या गाडीचा धूर मागे पडतो, उभ्या गाडीचा पडत नाही. गाडी भिंतीला किंवा बांधाला लागून उभी असेल, वारा त्या बाजूने येत असेल, तर धूर गाडीखालीच घुटमळतो. पाइप बेडच्या बाजूच्या खिडकीखाली काढून ठेवलेली गाडी कितीही देखणी असली तरी ती चुकीची बांधलेली आहे. डिकीत ठेवायच्या छोट्या पेट्रोल जनरेटरबद्दल तर बोलायलाच नको. असा एक जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड ओकू शकतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो त्यातल्या बाकीच्या घटकांचा. तो विरळ झाला तरी हा उरतोच. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. जागा माणूस डोके दुखतेय, मळमळतेय म्हणून दार तरी उघडेल. झोपलेला झोपूनच राहतो. म्हणूनच अलार्म लागतो, आणि तो झोपलेल्याला उठवणारा लागतो.

अलार्मबाबत शेडवर सर्रास दिसणारा घोटाळा म्हणजे गॅसगळतीचा डिटेक्टर लावून 'झाले काम' म्हणणे. एलपीजी हवेपेक्षा जड. त्याचा डिटेक्टर फरशीलगत बसतो आणि तो कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेच्या जवळपास सारखेच, तो सगळीकडे मिसळतो. म्हणून त्याचा अलार्म झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला, बेडजवळ हवा. कपाटात, पडद्यामागे किंवा खिडकीच्या चौकटीत नको. शेगडीच्या अगदी वरही नको, नाहीतर चहा ठेवला की तो बोंबलेल आणि तिसऱ्या दिवशी ग्राहक त्याची बॅटरी काढून ठेवेल.

घरासाठीचा अलार्म गाडीत चालतो का? युरोपच्या ईएन 50291 मानकाचा पहिला भाग घरांसाठी आहे आणि दुसरा, म्हणजे 50291-2, खास कॅरॅव्हॅन व बोटींसाठी. दुसऱ्यात धक्के, थरथर आणि तापमानातील चढउतार यांच्या चाचण्या जास्त आहेत. उन्हाळ्यात यरगट्टीच्या माळावर दुपारभर उभ्या राहिलेल्या गाडीचा विचार केला तर दुसराच मागवावा. या मानकानुसार हवेत 50 पीपीएम असेल तर अलार्म तास ते दीड तासात वाजतो, 100 ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि 300 ला तीन मिनिटांच्या आत. वडकराच्या गाडीत आकडा 957 वर पोचण्याच्या कितीतरी आधी 300 ओलांडून गेलेला असणार. आत अलार्म असता तर तो तेव्हाच ओरडला असता.

वायरमन मंडळींसाठी दोन गोष्टी. अलार्म गाडीच्या बारा व्होल्टवर घेतलात तर मेन कट-ऑफच्या पुढे घेऊ नका; रात्री बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर तो स्विच पाडतो आणि नेमका अलार्म मरतो. स्वतःची सीलबंद बॅटरी असलेला बरा. दुसरे, लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि या अलार्मचा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. बॅटरी बेडखाली बंद पेटीत असेल तर अलार्म विनाकारण वाजत राहील. त्यावर अलार्म काढणे हा उपाय नव्हे, पेटीला बाहेर वाट द्या. सिलिकॉन, थिनर, फवारणीचे रंग यांच्या वाफेनेही सेन्सर खराब होतो, तेव्हा अलार्म सर्वात शेवटी, रंगाचा वास गेल्यावर बसवावा. टेस्टचे बटण दाबल्यावर फक्त भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढेच कळते. सेन्सरचे आयुष्य मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षे. मुदत पाठीवर छापलेली असते, ती मार्करने दर्शनी बाजूला ठळक लिहा.

'नियमात आहे का?' हा आपल्याकडचा ठरलेला सवाल. मोटर कॅरॅव्हॅन हा वेगळा प्रकार आपल्या वाहननियमांत आहे, तिच्या मंजुरीसाठी एआयएस-124 आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. पण शेडवर येणाऱ्या किती ट्रॅव्हलर त्या वाटेने जातात हे आपल्याला ठाऊक आहे. वर गाडी केएची की एमएचची यावर कोणत्या आरटीओकडे बोट दाखवायचे तेही ठरलेले. या वादात आम्हाला रस नाही. अमेरिकेत अशा गाड्यांच्या एनएफपीए 1192 या संहितेत कार्बन मोनॉक्साइड अलार्म आहे, तो तिथल्या बांधणीवाल्यांनी माणसे गमावूनच शिकलेला धडा आहे. आपण तो फुकटात घ्यावा. अलार्मचा खर्च स्पीकरच्या बिलात लपून जाईल एवढाच आहे.

मात्र अलार्म लावला म्हणून भोक माफ नाही. आधी दोन तासांची चाचणी. गाडी पूर्ण झाली की भिंतीजवळ उभी करा, काचा-दारे लावा, एसी आणि जनरेटर पूर्ण भारावर चालवा. आकडा दाखवणारा मीटर बेडवर अशा जागी ठेवा की काचेतून वाचता येईल. आत कोणीही बसू नये, पोऱ्याला तर मुळीच बसवू नये. काचेतून आकडा शून्यावरून हलताना दिसला की फ्लोअर उघडा. एनआयटीच्या लोकांनी हेच केले, फक्त दोघे गेल्यानंतर.

ग्राहकाला चावी देताना एक गोष्ट तोंडी सांगा. अलार्म वाजला तर आधी माणसे बाहेर, मग जनरेटर बंद. कोणी गुंगीत असेल तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये; कोविडपासून तो घरोघरी आहे, पण कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तालाही तो चांगला आकडा दाखवतो. दवाखान्यात 'बंद गाडीत जनरेटर चालू होता' हे वाक्य सर्वात आधी सांगावे, म्हणजे डॉक्टर लगेच पूर्ण ऑक्सिजन लावतील. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

सौंदत्तीच्या यात्रेआधी ज्यांच्या शेडवर गाड्या सर्व्हिसिंगला येतील त्यांनी खाली बॅटरी मारून फ्लोअर एकदा पाहावा आणि सापडलेले प्रत्येक भोक ग्रोमेटने बुजवावे. ताडपत्रीत शेगडी नेऊ नका, हे ड्रायव्हरला आणि त्याच्यापेक्षाही गाडी ठरवणाऱ्या म्हाताऱ्या बाईला स्पष्ट सांगावे. ती ऐकेल आणि बाकीच्यांना ऐकायला लावेल.